आमच्या अहिराणी गाण्याच्या रेकॉर्डिस्टना जाहीर आभारपत्र

आदरणीय आप्पा,

सप्रेम नमस्कार.

आपले हळदीचे अहिराणी गाणे यंदाच्या लग्नसराईत धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत वाजले, बागलाण-मालेगावाकडे गेले, आणि सुरतेच्या उधना-लिंबायत भागात पोटापाण्यासाठी स्थायिक झालेल्या आपल्या माणसांनी त्यावर केलेल्या रील्स अजूनही कोणी ना कोणी मला पाठवत असते. कौतुक मात्र गायिकेच्या, पडद्यावर नाचणाऱ्या जोडीच्या आणि गीतकार म्हणून माझ्या वाट्याला आले. धुळ्यातल्या त्या लहानशा स्टुडिओत काचेपलीकडे बसून ज्यांनी हे गाणे घडवले, त्यांची कोणी विचारपूस केली नाही. म्हणून हे पत्र तुमच्या हाती न देता सर्वांसमोर लिहीत आहे.

आम्ही आलो तेव्हा गाण्याचा ट्रॅक संगणकावर तयार होता. आजकाल बहुतेक गाण्यांचे असेच असते: ठरलेल्या लयीवर ढोलाचा तयार लूप टाकायचा, त्यावर कीबोर्ड, त्यावर गायिका, आणि कोरससाठी एकच आवाज चार-सहा वेळा रेकॉर्ड करून एकमेकांवर चढवायचा. तुम्ही डोळे मिटून ट्रॅक ऐकला आणि एवढेच म्हणालात, “ताई, हाऊ ढोल वाजस, पन बोलस नई.” मग लग्नाच्या बँडमध्ये ढोल वाजवणाऱ्या तुमच्या ओळखीच्या दादांना बोलावलेत आणि मला सांगितलेत की कोरससाठी गायिका नको, गल्लीतल्या बायका घेऊन या.

त्या दुपारी तुम्ही जे केलेत, ते नव्याने गाणी करणाऱ्या प्रत्येकाला कळावे असे मला मनापासून वाटते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गौराईची आणि श्रावणात कानबाई या खान्देशातल्या देवीची गाणी म्हणत आयुष्य गेलेल्या आमच्या काकू-मावश्यांना हेडफोन आणि त्यातली ठरलेली लय धरायला लावणारी टकटक सोसवेना. तुम्ही हेडफोन काढायला लावलेत, टकटक बंद केलीत, ढोलवाल्या दादांना त्यांच्यासमोर बसवलेत आणि सगळ्यांना एका माइकभोवती अर्धगोलात उभे केलेत. ज्यांचा आवाज खणखणीत, त्यांना दोन पावले मागे घेतलेत; ज्या लाजून पुटपुटत होत्या, त्यांना पुढे आणलेत. घरात चार बायका गायला लागल्या की लय हळूहळू चढत जाते, तशी ती इथेही चढली. संगणकाच्या हिशेबात ही चूक ठरते आणि ती ताणून-कापून सरळ केली जाते. तुम्ही उलट केलेत: बायकांची चढती लय तशीच ठेवून बाकीची सगळी वाद्ये रात्रभर तिच्याशी जुळवत बसलात. शेवटच्या कडव्याला मांडवातली माणसे आपोआप उठून नाचू लागतात, त्याचे कारण ही चढती लय आहे, अशी माझी ठाम समजूत आहे.

मिक्सिंगमधले मला फारसे कळत नाही. पण तुम्ही तेच गाणे आधी स्टुडिओच्या मोठ्या स्पीकरवर, मग साध्या मोबाइलवर आणि शेवटी एका डीजेवाल्याच्या गाडीवर ऐकलेत, हे मी पाहिले आहे. मोबाइलच्या स्पीकरवर ढोलाचा घुमारा उतरतच नाही, तिथे टिपरीचा फटका आणि शब्दच गाणे तारतात, म्हणून शब्दांवर वाद्यांचे आवरण नको, हा तुमचा आग्रह होता. आवाज उगाच फुगवू नका, यूट्यूब तो सुमारे वजा 14 एलयूएफएसपर्यंत (हे आवाजाचा मोठेपणा मोजण्याचे एकक) खाली आणतेच, हेही तुम्हीच समजावलेत. 2011च्या जनगणनेत खान्देशी या भाषेखाली, ज्यात आपली अहिराणीही मोजली जाते, सुमारे 18 लाख 60 हजार लोक नोंदले गेले, आणि आज एखादे अहिराणी गाणे कोटींच्या संख्येने ऐकले जाते. बोली न जाणणारे ठेक्यासाठी ऐकत असतील. आपल्या घरातली म्हातारी माणसे शब्दांसाठी ऐकतात. त्यांना एकेक शब्द कळला, याचे मोल माझ्यासारख्या लिहिणारीला फार मोठे आहे.

आणखी एका गोष्टीसाठी तुमचे ऋण मानायला हवे. ध्रुवपदाची चाल गौराईच्या गाण्यांतली आहे हे तुम्ही पहिल्याच दिवशी ओळखलेत आणि श्रेयनामावलीत “चाल : पारंपरिक” असे लिहायला लावलेत. पुढे गाणे चालू लागल्यावर एका कंपनीने एकरकमी पैसे देऊन माझे सगळे हक्क कायमचे लिहून मागितले, तेव्हा तुम्ही मला शेजारी बसवून 2012ची कॉपीराइट कायद्यातली दुरुस्ती वाचून दाखवलीत: गीतकाराला आपल्या शब्दांच्या रॉयल्टीतला समान वाटा असा सोडून देताच येत नाही, तसे लिहून घेतले तरी ते कायद्यापुढे टिकत नाही. त्या आधारावर मी नकार देऊ शकले. तुम्हाला यात एक पैसाही मिळणार नव्हता.

कोरसच्या सर्व जणींना मानधन मिळाले आहे आणि गाण्याखालच्या माहितीत आता त्यांचा, ढोलवाल्या दादांचा आणि तुमचा नावानिशी उल्लेख केला आहे. तुमचे नाव टाकू नका असे तुम्ही बजावले होते. ती एक आज्ञा मी मोडली आहे. काकू विचारत आहेत की कानबाईचे गाणे कधी करायचे. पावसाच्या आत तारीख कळवावी, म्हणजे शेतीची कामे लागण्यापूर्वी सगळ्यांना घेऊन धुळ्याला येता येईल.

आपली कृतज्ञ,
गाण्याची गीतकार
तालुका अमळनेर, जिल्हा जळगाव