वैदूला पत्र: फीड वाढवा म्हणे

प्रिय वैदू,

इतक्या महिन्यांनी एकदम पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. माझी पाठ आहे तशीच, बाबांची शुगर कंट्रोलमध्ये. कामावरची शुगर मात्र हाताबाहेर गेलीय आणि ते घरी सांगून काही उपयोग नाही. नवरा म्हणतो, "मग साखर कमी टाका ना". बरोबरच आहे म्हणा, त्यालाच हेड करायला हवं होतं.

आमच्याकडे नवीन प्रॉडक्शन हेड आलेत. आल्या आल्या फर्मान, टाकीत बॅक्टेरिया वाढवून प्रोटीन काढायची बॅच इतके तास का चालते, ग्लुकोजचा फीड वाढवा, जास्त खाल्लं की लवकर वाढतील. मी म्हटलं सर, त्या फ्रेंच शास्त्रज्ञ मोनोचा कर्व्ह बघा, साखरेबरोबर ग्रोथ रेट चढतो पण लवकरच आडवा होतो, आपल्या ई. कोलाय बॅक्टेरियाला अर्धा वेग गाठायला लिटरमागे काही मिलिग्रॅम ग्लुकोज पुरतं. तर म्हणे थिअरी नको.

मंगळवारी रात्री वाढवला फीड. आधी ओडी, म्हणजे पेशींचा गढूळपणा, मस्त चढला, मग डीओ, म्हणजे विरघळलेला ऑक्सिजन, जो तळाला बसला तो उठेचना, ढवळणं फुल, हवा फुल, वरून ऑक्सिजन सोडला तरी. पीएच सारखा पडतोय, तो सावरायला अमोनियाचा पंप टकटक टकटक चालूच. मी मिनिटभर फीड बंद करून बघितला. पेशी उपाशी असत्या तर खाणं थांबताच ऑक्सिजन उरला असता आणि डीओने लगेच उडी मारली असती, तुला काय सांगायचं! ढिम्म हलला नाही. म्हणजे साखर नुसती साठत होती. पेशीत साखर ओढून घेणारं ते पीटीएस आधीच हावरट, ग्लुकोज आत घेतानाच फॉस्फेट चिकटवून टाकतं, मग पुढचं सगळं धो धो सुटतं आणि झेपेना की ऑक्सिजन असतानाही ॲसिटेट, म्हणजे व्हिनेगरमधलं ॲसिड, करून बाहेर टाकतात. पंगतीत वाढप्याने घाई केली म्हणून कोणी जास्त जेवत नाही गं, पानात टाकतात. वर त्या ॲसिटेटनेच वाढ मंदावते. सकाळी मोजलं तर लिटरला सहा ग्रॅम! प्रोटीन नेहमीच्या निम्मं.

आणि आता हेडसाहेब म्हणतात स्ट्रेन, म्हणजे बॅक्टेरियाचा वाणच, वीक झालाय, नाहीतर शिफ्टवरच्या पोराने गडबड केली. तो पोरगा साताऱ्याचा, प्रोबेशनवर, लॉगशीटवर लिहिलं होतं अगदी तेवढाच फीड दिला त्याने, मी शेजारी उभी होते. डीओचा ट्रेंड, ॲसिटेटचे आकडे सगळं माझ्याकडे आहे, मेलही केली, उत्तर नाही. शुक्रवारी मीटिंग आहे. सगळ्यांसमोर मांडू, की आधी त्यांच्या डोक्यावरून वर पाठवू? वर पाठवलं तर हे मला सोडणार नाहीत, घराचा हप्ता चालू आहे, आणि गप्प बसले तर पोराची नोकरी जाणार. रात्रभर तेच डोक्यात.

तू म्हणशील "तू उगाच ताणतेस". तेच म्हणालीस एमएस्सीच्या प्रॅक्टिकललाही, ग्लुकोज-लॅक्टोज दोन्हीवर वाढवलेल्या बॅक्टेरियाच्या कर्व्हमध्ये मधला सपाट टप्पा आला तर तुझं आपलं कलरीमीटर बिघडलंय! ग्लुकोज आत येत असेपर्यंत लॅक्टोजला दार बंद, म्हणून मध्ये वाढ थबकते, हे परीक्षेत लिहून आलेली बाई तू. मोनोने तोच टप्पा 1942 च्या थीसिसमध्ये मांडला, तो धागा धरून 1965 ला नोबेलपर्यंत गेला, आणि तू स्केल घेऊन सरळ रेघ मारत होतीस. अजून कबूल करत नाहीस.

बरं, तुमच्या लॅबमध्ये पीटीएसजी, म्हणजे त्या पीटीएसचा ग्लुकोज ओढणारा जीन, काढलेला स्ट्रेन चालवता ना? ग्लुकोज हळू घेतो, जरा सावकाश वाढतो, पण ॲसिटेट कमी करतो, त्याचे दोन-तीन रनचे कर्व्ह पाठव. साहेबांना थिअरी नको असेल तर चित्र तरी दाखवते.

तुझ्या फ्लॅटचं पझेशन मिळालं का? ओवीची ॲडमिशन झालीच असेल. काकूंना नमस्कार सांग.

कर्व्ह गुरुवारपर्यंत पाठव आणि रात्री फोन कर, साडेनऊनंतर, त्याआधी आईची सीरियल असते आणि ती मधूनच विचारते कोण मेलं म्हणून.

तुझी,
मुग्धा