शिबिर झालं, पाळीच्या तक्त्याचं काय?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उद्यमबागेतल्या कारखान्याच्या तणावमुक्ती शिबिराची बातमी कालच्या अंकात वाचली. प्राणायाम, व्याख्यान, पाहुण्यांचा सत्कार. ताण ज्या कामामुळे येतो त्यात काय बदललं, याची एक ओळ नाही.

फाउंड्रीच्या (धातू ओतायच्या कारखान्याच्या) जोखीम नोंदवहीत, म्हणजे कामातले धोके आणि उपाय लिहायच्या वहीत, वितळलेला धातू, क्रेन, धूळ, आवाज सगळं व्यवस्थित असतं. मानसिक धोक्यापुढे मात्र 'कामगारांना ताण, उपाय योग' एवढंच. कुठल्या पाळीत, कशामुळे, कोणी काय बदलायचं, काही कळत नाही. कामावरच्या मानसिक आरोग्याबद्दलचं आयएसओ ४५००३ हे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक २०२१ मध्येच आलं आहे. कामाचा बोजा, वेळा, वरिष्ठांची वागणूक हे इतर धोक्यांसारखेच नोंदवा, असं ते सांगतं. नोंद अशी हवी: 'फेटलिंग (ओतीव भाग घासून साफ करणं), दुसरी पाळी. पाळी बदलल्याचं आदल्या रात्री फोनवर कळतं. वीज जाऊन हीट (धातू वितळवायची एक फेरी) लांबली तरी टार्गेट तेच. बाधित: कंत्राटी कामगारांसह सगळे. पुरावा: हजेरीपट, ओव्हरटाइम रजिस्टर. उपाय: तक्ता सात दिवस आधी फलकावर, वीज गेली तेवढं टार्गेट कमी. जबाबदारी: प्लांट मॅनेजर. फेरतपासणी: तीन महिन्यांनी.' जबाबदारीच्या रकान्यात एचआरला टाकून मोकळं होऊ नये. पाळ्या आणि टार्गेट एचआर ठरवत नाही.

कामगारांच्या ताणाच्या पाहणीचे फॉर्म तर संतापजनक! वर कामगाराचा टोकन नंबर आणि गोळा करणार सुपरवायझर. मग कोण खरं लिहील? फॉर्म बिननावाचा, कुलूपबंद पेटीत हवा. दहापेक्षा कमी माणसांच्या विभागाचा निकाल वेगळा काढू नये, कोणी काय लिहिलं ते लगेच ओळखू येतं. आणि आपल्या भागात फॉर्म नुसता इंग्रजीत? मराठी, कन्नड, हिंदी अशा तिन्ही भाषांत छापायला असा कितीसा खर्च येतो?

नोंदवहीत कुणाचं नाव, आजार, गोळ्या लिहू नयेत. लैंगिक छळाची तक्रारही तिथे नको. दहा किंवा जास्त कर्मचारी असले की २०१३ च्या कायद्याने अंतर्गत समिती बंधनकारक आहे, तक्रार तिच्याकडेच जावी.

आपल्याबद्दलही तक्रार आहे. पाहुण्यांचा फोटो तीन कॉलम, नावं सगळी, कामगार एकही नाही. पुढच्या वेळी वार्ताहराने मॅनेजरना विचारावं: शिबिरानंतर तक्ता, टार्गेट, माणसांची संख्या यातलं काय बदललं? उत्तर मिळेल ते छापा.

आपला,
एक सुरक्षा अधिकारी, बेळगाव