त्या टॉर्चवाल्या डॉक्टरताईंचे आभार
आमचे अण्णा चाळीस वर्षं तंबाखू मळत आले. गावच्या शिबिरात एका डॉक्टरताईंनी टॉर्च मारून त्यांचं तोंड पाहिलं. रोज बार धरायचे तिथेच गालात पांढरा चट्टा, बोळ्यानं पुसूनही न जाणारा. 'दुखत नाही' म्हणत अण्णा उठले, तर ताईंनी हात धरून बसवलं, 'बाबा, दुखायच्या आधीच बघायचं असतं.' तुकडा तपासला. ल्युकोप्लाकिया निघाला, कर्करोग नव्हे, पण पुढे होऊ शकतो असा. ताई, तुमचं नाव विचारायचंच राहिलं हो. तंबाखू सोडण्यासाठीच्या १८००-११-२३५६ वर धीर देणारे दादा, आणि 'अण्णा, पुडी नाही, शेंगदाणे घ्या' म्हणत स्वतःचं गिऱ्हाईक सोडणारे स्टँडवरचे टपरीवाले, तुमचेही मनापासून आभार. चुन्याची डबी आईनं माळ्यावर टाकलीय.