तलावाच्या फेऱ्या आणि शरीराचा तोल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ठाणे ते फोर्ट हा लोकलचा प्रवास मी ३४ वर्षे केला आणि त्यातला बहुतेक उभ्यानेच. फोर्थ सीट मिळाली तर तो सणाचा दिवस. कडीपर्यंत हात पोचला नाही तरी बिघडत नसे. कुर्ल्याजवळ रूळ बदलताना गाडीने हेलकावा दिला की पाय आपसूक सावरून घेत.

निवृत्त होऊन १२ वर्षे झाली. गेल्या श्रावणात पडलो, तेही खड्ड्यात किंवा पेव्हर ब्लॉकला अडखळून नव्हे, तर घरात, पॅन्ट घालताना. एक पाय आत गेला, दुसरा उचलला आणि थेट कपाटावर आदळलो. मनगटावर निभावले, खुबा वाचला. रोज पहाटे कचराळी तलावाला फेऱ्या मारत असल्याने आपण ठणठणीत आहोत, अशी माझी पक्की समजूत होती.

फिजिओथेरपिस्टने एका पायावर उभे राहायला सांगितले. मी टिकलो ४ सेकंद! मग पाय जुळवून डोळे मिटायला लावले, तेव्हा तर पुन्हा लोकलमध्ये चढल्यासारखे वाटले.

तिने समजावले ते असे. माणूस शांत उभा असतो तेव्हाही शरीर किंचित पुढेमागे झुलतच असते आणि पोटऱ्यांचे स्नायू ते जागेवर आणत राहतात. डोळे, आतला कान आणि तळपाय-घोट्यांतली जाणीव यांच्याकडून मेंदूला मिळणाऱ्या खबरांवर हे सगळे चालते. वय वाढते तसे हे तिघेही सुस्तावतात. जुना मधुमेह असेल तर तळपाय बधिर होतात, शिवाय पायांतली ताकद उतरलेली असतेच. झोक गेल्याचे उशिरा कळते आणि पाऊल पुढे टाकेपर्यंत माणूस खाली आलेला असतो.

सरावाने यात बरीच सुधारणा होते, पण सराव तोलाचाच हवा. व्यायाम आणि पडणे यांविषयीच्या १०८ चाचण्यांचा, वैद्यकीय संशोधन पडताळून पाहणाऱ्या कोक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेचा आढावा २०१९ मध्ये आला. तोलाचे आणि उठण्या-बसण्यासारख्या रोजच्या हालचालींचे व्यायाम करणाऱ्या ज्येष्ठांत पडण्याचे प्रमाण सुमारे २४ टक्क्यांनी कमी आढळले. नुसत्या चालण्याने ते घटते, असे मात्र ठामपणे म्हणता आले नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० मध्ये ६५ वर्षांवरील लोकांना आठवड्यातून किमान ३ दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम सुचवले आहेत. आम्ही मात्र मोबाइलवर पावले मोजत बसलो आहोत.

मी आता ओट्याला बोटे टेकवून एका पायावर उभा राहतो, टाचेला चवडा भिडवत रेषेत चालतो, हात न टेकता खुर्चीतून उठतो. सौभाग्यवतींनी ‘बगळा’ असे नामकरण केले आहे. कालपर्यंत २० सेकंदांवर पोचलो. (चक्कर येत असेल किंवा झोपेच्या, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.)

एक मागणी आहे. उद्यानांत ओपन जिम आले, ते चांगलेच. पण तिथल्या बऱ्याच यंत्रांवर आपण बसतो नाहीतर दांडा घट्ट पकडून झुलतो. तोल सांभाळण्याचे काम यंत्रच करते. त्याऐवजी ट्रॅकच्या कडेला सपाट, न घसरणाऱ्या जागेत कमरेइतक्या उंचीचा १५ फुटी कठडा बसवला तरी पुरे. हात सुटला तर धरायला काहीतरी आहे, एवढ्या भरवशावर म्हातारी माणसे एक पाय उचलतील. ज्येष्ठ नागरिक संघांनीही वाढदिवस आणि व्याख्यान यांच्यामध्ये १५ मिनिटे यासाठी काढावीत. कठडा बसवलाच तर भक्कम बसवावा. संध्याकाळी त्याला शाळकरी पोरे लोंबकळणार आहेतच.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, पाचपाखाडी, ठाणे