पान्हा आणि न्यूरोपेप्टाइड

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतील लेखात न्यूरोपेप्टाइडांना (चेतापेशी निरोप देण्यासाठी सोडतात त्या अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांना) सरसकट 'आनंदाची रसायने' म्हटले आहे, ते पटले नाही. धार काढण्यापूर्वी रेडकू आचळांना ढुशा देते, तेव्हा तो स्पर्श मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसपर्यंत पोचतो, तेथील चेतापेशी झपाट्याने संदेश सोडू लागतात आणि अवघ्या 9 अमिनो आम्लांचे ऑक्सिटोसिन हे न्यूरोपेप्टाइड त्याखालच्या पिट्यूटरी ग्रंथीच्या मागील भागातून रक्तात उतरते. काही मिनिटांत म्हैस पान्हावते. हेच ऑक्सिटोसिन मेंदूतही पाझरते. ग्लुटामेटसारखी साधी संदेशवाहक रसायने चेताग्रातच (चेतापेशीच्या टोकाशीच) तयार होतात, मिलिसेकंदांत काम उरकतात आणि पुन्हा शोषली जातात. न्यूरोपेप्टाइड मात्र पेशीच्या मुख्य भागात घडते, सूक्ष्म पिशव्यांत भरून अक्षतंतूतून (चेतापेशीच्या लांबलचक धाग्यातून) पुढे येते आणि सुटल्यावर विकरांनी त्याचे तुकडे करेपर्यंत आसपासच्या, प्रसंगी दूरच्या पेशींनाही निरोप देत राहते. म्हणून त्याचा परिणाम सावकाश सुरू होतो आणि रेंगाळतो. अनोळखी हात लागताच म्हैस पान्हा चोरते, हे गोठ्यात वावरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तिथे भीतीमुळे मेंदूतूनच ऑक्सिटोसिन सुटणे अडलेले असते.

आपला,
एक पशुवैद्यक, फलटण