लीजवरची इलेक्ट्रिक गाडी करारातल्या किमतीत विकत देण्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

काल दुपारी तुमच्या कस्टमर केअरशी सातव्यांदा बोललो. यापुढे फोन करणार नाही. मला उत्तर लेखी हवं आहे.

माझ्याकडची गाडी तीन वर्षांच्या लीजवर आहे आणि मुदत या महिन्याच्या ३० तारखेला संपते. करारात शेवटी जोडलेल्या परिशिष्टात लिहिलं आहे की गाडी ठेवायची असेल तर ६ लाख २० हजार रुपये अधिक कर भरायचा आणि तसं साठ दिवस आधी कळवायचं. मी बहात्तर दिवस आधी ईमेल केला, त्याची पोचही आली. त्या भरवशावर बँकेतून तेवढंच कर्ज मंजूर करून घेतलं. आणि आता तुमचं पत्र येतं की 'सध्याच्या बाजारभावानुसार' ८ लाख ३५ हजार. बाजारभाव हा शब्द करारात कुठेही नाही. मी तो दोनदा वाचला, मुलीनेही एकदा वाचला.

किंमत का वाढली, हे कालच्या फोनवर कळलं. म्हणून तो फोन जसा झाला तसा लिहितो.

बावीस मिनिटं होल्डवर ठेवल्यावर तुमच्या प्रतिनिधी बाई बोलल्या. मी परिशिष्टातला आकडा वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "सर, ती इंडिकेटिव्ह किंमत होती." मी म्हणालो, तिथे 'निश्चित' असं लिहिलंय. मग त्यांनी इन्स्पेक्शन रिपोर्ट उघडला. "सर, तुमच्या गाडीच्या बॅटरीची हेल्थ ९४ टक्के आलीय. बॅटरी चांगली आहे म्हणून व्हॅल्यू वाढली. तुम्हाला तर आनंद व्हायला पाहिजे." मला एक क्षण काही सुचलंच नाही. ती बॅटरी चांगली कोणी ठेवली, असं मी विचारलं. त्यावर त्या म्हणाल्या, "सर, टेक्निकली गाडी तुमची नाहीच आहे. तुम्ही फक्त वापरत होता. पटत नसेल तर उद्याच पिकअप लावते." मी वरिष्ठांशी बोलायचंय म्हणालो आणि फोन कट झाला. परत कोणाचा फोन आला नाही.

आरसीवर तुमचं नाव आहे, हे मला माहीत आहे. ते सांगायला फोन नको होता. पण तो ९४ आकडा तुमच्या गोदामात तयार झालेला नाही. मी मनीषनगरहून रोज बुटीबोरीला जातो. मेमध्ये इथे पारा पंचेचाळीसवर जातो आणि उष्णतेने लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते, हे तुम्ही गाड्या भाड्याने देता म्हणजे तुम्हाला माहीत असणारच. मी सोसायटीची एनओसी काढून पार्किंगमध्ये स्वखर्चाने चार्जिंग पॉइंट बसवला. वर हिरवी नेट बांधली, दोनदा वादळात फाटली, दोनदा नवी बांधली. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सर्वात तापत्या नऊ दिवसांत, रात्री अकरानंतरच प्लग लावायचा, तोही गाडीच्या तळाला हात लावून, ती निवली आहे का पाहून. ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग बंद. फास्ट चार्जर फक्त लांबच्या प्रवासात. तीन वर्षं हे केलं, कारण ही गाडी पुढे माझी होणार, असं तुमच्या करारात लिहिलं होतं. आणि त्याच बॅटरीचे २ लाख १५ हजार तुम्ही माझ्याकडूनच मागताय. बॅटरी ८० टक्क्यांवर आली असती, तर तुम्ही किंमत ६ लाख २० हजारांच्या खाली आणली असती का?

वर्षाला २० हजार किलोमीटरची मर्यादा होती. माझे तीन वर्षांत ५१ हजार ४०० झालेत. हप्ता एकदाही चुकला नाही.

आता कराचं. कोटेशनमध्ये पूर्ण ८ लाख ३५ हजारांवर १८ टक्के, म्हणजे १ लाख ५० हजार ३०० रुपये जीएसटी लावलाय. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला जीएसटी परिषदेची बैठक झाली, त्यात जुन्या इलेक्ट्रिक गाड्यांसाठीही १८ टक्के दर ठरला, पण तो मार्जिनवर, म्हणजे खरेदी-विक्रीतल्या फरकावर, पूर्ण किमतीवर नाही. तुम्ही घसारा, म्हणजे गाडी जुनी होताना हिशेबात दाखवायची घट, घेतला असेल तर विक्रीची किंमत आणि घसारा वजा जाता उरलेली किंमत यांच्यातला फरक धरतात आणि तो उणे आला तर कर लागत नाही. गाडी घेताना भरलेल्या कराचं क्रेडिट तुम्ही घेतलं असेल, म्हणजे तो कर तुमच्या देण्यातून वजा करून घेतला असेल, तर हिशेब वेगळा होईल, पण मग तसं लेखी द्या. आमच्या ऑफिसच्या सीएंनी पाच मिनिटांत हे सांगितलं. तुमच्या लेखा विभागाला ते माहीत नसेल, यावर माझा विश्वास नाही.

शिवाय पत्रात म्हटलंय की व्यवहार पूर्ण होईपर्यंत मासिक भाडं चालूच राहील. उशीर तुमच्याकडून आणि भाडं माझ्याकडून, हे मी मान्य करणार नाही.

ऑफिसमधल्या दोघांना मीच तुमच्याकडून लीज घ्यायला सांगितलं होतं. त्यांच्या गाड्यांची मुदत पुढच्या वर्षी संपते. आता त्यांना काय तोंड दाखवू?

दहा दिवसांत ६ लाख २० हजारांचं, कराच्या योग्य हिशेबासह सुधारित कोटेशन पाठवा. रक्कम मिळताच फॉर्म २९ आणि ३० सह्या करून द्या, म्हणजे आरटीओत नाव बदलून घेता येईल. उत्तर आलं नाही तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि मग नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार नोंदवीन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, तुमच्या मुख्यालयाच्या शहरात यायची गरज नाही. करार, ईमेलची पोच, इन्स्पेक्शन रिपोर्ट आणि बँकेचं मंजुरीपत्र सोबत जोडलं आहे.

पिकअपसाठी माणूस पाठवू नका. गाडी ठेवणार, हे मी मुदतीत लेखी कळवलेलं आहे.

आपला ग्राहक,
मनीषनगर, नागपूर