शिसं आणि कौलं

लीड्स
रविवार, रात्री

प्रिय बंड्या,

आठ महिने पत्र नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. गुडघा बरा आहे.

काल रिपनजवळचं फाउंटन्स ॲबी पाहून आलो. सिस्टर्शियन नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या साधूंचा पडका मठ. ११३२ साली यॉर्कच्या मठात शिस्त उरली नाही म्हणून १३ जण भांडून निघाले आणि स्केल नदीकाठच्या ओसाड खोऱ्यात येऊन बसले. आपण मंडळातून फुटलो तेव्हा निदान वर्गणीची वही तरी पळवली होती. (तू पळवलीस. मी नाही. शेवटचं सांगतो.)

पुढे हेच साधू मेंढ्या पाळून गबर झाले. मग व्यापाऱ्यांकडून पुढच्या कित्येक वर्षांच्या लोकरीवर उचल घेतली आणि तेराव्या शतकाच्या अखेरीस कर्जात बुडाले. मला तुझे काका आणि कारखान्याची उचल आठवली. रागावू नकोस.

तिथला मोठा मनोरा ह्यूबी नावाच्या मठाधिपतीने बांधला. आबांनी हौसेने पडवीला फरशी घातली होती ना, तसं. मनोऱ्याला ५० वर्षंही झाली नव्हती, आणि २६ नोव्हेंबर १५३९ रोजी शेवटचा मठाधिपती मार्मड्यूक ब्रॅडलीने मठ राजा आठव्या हेन्रीच्या माणसांच्या हवाली केला. ब्रॅडलीला वर्षाला १०० पौंड पेन्शन मिळालं.

मला वाटायचं, असले मठ तोफा लावून पाडले असतील. छे! छपरावरचं शिसं उतरवून नेलं. बाकीचं बरंचसं काम पावसाने केलं. ९० मीटरच्या वर लांब कमानीदार कोठार अजून शाबूत आहे. त्यात उभा राहिलो आणि पोटात गोळाच आला.

बंड्या, वाड्याचं मुखत्यारपत्र मी गेल्या महिन्यात दादाच्या नावे करून दिलं. तो म्हणतो, आधी कौलं आणि सागवानी वासे विकू, भिंतींचं नंतर बघू. मी म्हणालो, "तुला योग्य वाटेल ते कर." वर माझ्या वाट्याला किती येतील, तेही विचारलं. हे हिला अजून सांगितलेलं नाही.

वहिनींची शाळा सुरू झाली का? पोराच्या दहावीचे पेढे राहिलेत.

वाड्यावरून एक चक्कर मार ना. माळ्यावर आपला कॅरम असेल, तो घेऊन जा. दादाला विचारत बसू नकोस. कौलं अजून असली तर लगेच कळव. नसली तर नुसतं तुझ्या बदलीचं काय झालं ते लिही.

तुझा,
पक्या